अर्धा काळा चौकोन

वारंगा फाट्यावर माझं टायरचं दुकान आहे. दुकानाच्या कडेनं लोखंडी जिना वर जातो आणि वर एकच खोली आहे. त्या खोलीत कित्येक वर्षं, दर हिवाळ्यात, एक माणूस येऊन राहायचा. फाट्यावरचे लोक त्याला समोर ‘सर’ म्हणायचे आणि मागे ‘थुंकीवाले सर’. मी समोरच थुंकीवाले म्हणायचो. त्यांना राग यायचा नाही. राग न येणाऱ्या माणसाशी कसं वागावं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

माझा मात्र त्यांच्यावर राग आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुठे मी त्यांच्याबद्दल बरं लिहिलं तर हा विरघळला असं कोणी समजू नये.

सर मूळचे कुरुंद्याचे. शिकून मोठ्या शहरातल्या विद्यापीठात गेले, तिथे मानसशास्त्र शिकवू लागले, आणि मग मनाचे आजार कुळात कसे उतरतात याच्या मागे लागले. बापाला झाला, चुलत्याला झाला, आता पोराला झाला, तर तो रक्तातून येतो का? येत असेल तर रक्तातल्या नेमक्या कशातून? यासाठी त्यांना अशी घरं लागायची, जी पिढ्यान्‌पिढ्या एका गावात आहेत आणि जिथे पणजीपर्यंतचं सगळं कुणा ना कुणाला तोंडपाठ आहे. अशी घरं आमच्या जिल्ह्यात मागाल तेवढी. जीप माझी होती. चालवायचोही मीच, कारण दुसऱ्यानं गिअर टाकलेला मला आवाजावरून सहन होत नाही.

लोकांना ते सांगायचे, ‘तुम्ही दिलेली माहिती पेपरात छापून येईल. नाव येणार नाही.’

आता आमच्याकडे पेपर म्हणजे वर्तमानपत्र. एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘नाव न्हाई तर न्हाई, फोटू तरी येईन का?’ मी स्वतः कितीतरी दिवस रशीदभाईच्या हॉटेलात जिल्ह्याचं पान आधी उघडून बघायचो. रशीदभाईचं हॉटेल माझ्या दुकानासमोरच. तो आणि मी एकाच वर्षी फाट्यावर आलो. तो म्हणाला, ‘क्या ढूंढ रा रे? रिजल्ट लगने वाला है क्या तेरा?’ पुढे कळलं की सरांचा पेपर म्हणजे वेगळीच चीज. तो इंग्रजीत असतो, जगात मोजकेच लोक वाचतात, आणि तेही चुका काढायला वाचतात.

या पेपरांची एक लांबलचक यादी सरांनी खोलीच्या भिंतीवर चिकटवली होती. मला वाटलं, माणूस मोठेपणा मिरवतो आहे. आम्ही नाही का दुकानात गिऱ्हाइकांबरोबरचे फोटो लावत. एकदा जवळ जाऊन विचारलं, हा सगळ्यात वरचा कोणता, सगळ्यात मोठा का?

‘हा चार ओळींचा आहे,’ सर म्हणाले. ‘आधीच्या पेपरात मी चुकलो, असं कळवणारा.’

त्याच्या खाली आणखी दोन तसेच. चुकांची कबुली आधी, आणि मग बाकीची सगळी कमाई.

‘सर, दुकानदार फाटका माल पाठीमागं ठेवत असतो.’

‘म्हणून तर हुशार गिऱ्हाईक आधी पाठीमागे जाऊन बघतं.’

दिवसभर मी त्यावरून दुकानातल्या पोरांवर खेकसत राहिलो.

त्या चार ओळींची हकिकत त्यांनी मला जीपमध्ये सांगितली. तरुणपणी त्यांना रक्तातली एक गोष्ट सापडली होती, जी उदासीच्या आजाराबरोबर चालते असं त्यांना दिसलं. ते छापून आलं, नाव झालं, परदेशातून बोलावणं आलं. मग इतरांनी पुष्कळ जास्त माणसं घेऊन पाहिलं, तर काहीच निघालं नाही. ‘चार घरी हळद चांगली पिकली,’ सर म्हणाले, ‘आणि चारही घरच्या बैलाचं नाव सर्जा निघालं. म्हणून सर्जा नावानं हळद पिकते असं मी छापलं होतं.’ त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच जणांचं असंच झालं होतं. ते गप्प बसले आणि विभागप्रमुख झाले. सरांनी कोणी विचारलं नसताना कळवून टाकलं आणि आहेत तिथेच राहिले.

त्यांचे पेपर नाकारले जायचे, तेव्हा नाकारणाऱ्याचं पत्र ते रशीदभाईच्या बाकावर बसून आम्हाला मराठीत वाचून दाखवायचे. ‘बघा, हा लिहितो माणसं फार कमी घेतली. बराबर लिहितो. हा लिहितो, तुम्ही लोकांच्या सांगण्यावर फार विसंबता. हेही बराबर.’

‘सर, गाली खाके बी खुश?’ रशीदभाई म्हणायचा.

‘गाली कुठे? फुकटची शिकवणी आहे.’

त्यांची गावात शिरायची रीत ठरलेली होती. आधी अंगणात बसायचं आणि घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईला विचारायचं, ‘माय, तुमच्या सासऱ्यापासून सुरू करा.’ मग कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल. लग्न झालं की मधे आडवी रेघ, लेकरं खाली. जुळी असली तर एकाच टोकातून दोन तिरप्या रेघा. मेलेल्यावर काट मारायची. आणि ज्याला मनाचा आजार, तो चौकोन काळा भरायचा. हा त्यांचा हात इतका बसला होता की ते जीपच्या धुळीत, हॉटेलच्या सांडलेल्या चहात, कुठेही माणसाची वंशावळ काढायचे. एकदा रशीदभाईच्या टेबलावर त्यांनी रशीदभाईची पाच पिढ्यांची मांडणी चहानं केली आणि पोऱ्यानं येऊन ती फडक्यानं पुसली. रशीदभाई हळहळला: ‘सारा खानदान साफ कर दिया रे!’

‘येडा’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. कळमनुरीजवळच्या एका घरात मालक म्हणाला, ‘आमचा येडा मागल्या खोलीत हाय.’ सरांनी वही मिटली. म्हणाले, ‘नाव सांगा, मग लिहितो.’ मालकाला सख्ख्या भावाचं कागदावरचं नाव आठवेना. आत जाऊन बायकोला विचारावं लागलं. सर वही मिटून तसेच बसून राहिले, नाव येईपर्यंत.

आणि ती थुंकी. रक्तातून कळतं ते थुंकीतूनही कळतं, म्हणून रक्ताऐवजी ते थुंकी घ्यायचे, एका नळीत, रेघेपर्यंत भरून. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, काही नाही. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा तास चहाशिवाय बसवणं म्हणजे त्याला हाकलणंच. एका तांड्यावर सोनाबाई नावाच्या म्हातारीनं पदर खोचून भांडण काढलं: ‘दारात येऊन थुंका म्हणून राह्यला, अन्‌ च्या नगं म्हणून राह्यला! ह्यो कुठला पाव्हना म्हनावं?’ आणि मोठ्या माणसासमोर थुंकायचं कसं, म्हणून सगळे अवघडून उभे. शेवटी सरांनी एक रिकामी नळी काढली, मांडी घालून बसले आणि आधी स्वतः थुंकू लागले. ती नळी भरायला पुष्कळ वेळ लागतो. म्हातारी बघत राहिली, मग तिला हसू फुटलं, आणि मग सगळा तांडा रांगेत बसून थुंकला.

काम संपेपर्यंत ते कुणाच्या घरी जेवत नसत. म्हणायचे, ‘जेवलो की मी त्या घरचा होतो. मग मला त्यांच्यासारखं दिसायला लागतं.’

आमच्या घरी मात्र ते जेवले होते. ही माझी तक्रार नाही, पण नोंद करून ठेवतो.

आमचं घर त्यांच्या वहीत कुटुंब सात. नावांची वही वेगळी आणि ती कायम त्यांच्या पिशवीत कुलपात. आम्ही त्या वहीत आलो ते माझ्या थोरल्या भावामुळे. सरांनी त्याचं नाव विचारलं तेव्हा मीही अडखळलो होतो. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात ते नाव कोणी घेत नव्हतं. पंक्चरचा धंदा खरं तर त्यानं सुरू केला. हवेचा पंप त्याचा, टायर उचकटायची पहिली लोखंडी टॉमी त्याची. बरा असला की चाक खोलताना गाणी म्हणायचा. मग एखाद्या वेळी त्याची झोप जायची. झोप नाही, भूक नाही, तोंडाची टकळी सुरू, बाजारात जाऊन बैल ठरवून यायचा, रस्त्यावरच्या माणसाला अंगातला सदरा काढून द्यायचा. हे आठ-दहा दिवस. मग महिना महिना भिंतीकडे तोंड. अशाच एका भिंतीकडच्या महिन्यात कावीळ झाली आणि गेला. त्या वेळी आम्ही त्याला दवाखान्यात नेला तो काविळीसाठी. दुसऱ्या आजारासाठी कधी नेलाच नाही.

पुढचं सगळं मी एकट्यानं केलं. त्या एका पंपापासून तीन जीपा आणि हे दुकान. कोणाचा हात नाही, कोणाची शिफारस नाही. हे मी कुणालाही, कधीही, न विचारता सांगतो.

सरांचा सगळ्यात मोठा पेपर छापून आला तेव्हा ते खास बसनं आले. छापलेला पेपर प्रत्येक कुटुंबाला नेऊन द्यायचा, ही त्यांची आणखी एक तऱ्हा. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. सोनाबाईनं तो जमिनीच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला. माझी प्रत सरांनी काउंटरवर ठेवली आणि एक पान उघडून बोट ठेवलं. ‘हे तुम्ही.’

चौकोन आणि गोल मला आता वाचता यायचे. वर आजा, खाली बाप, त्याखाली आम्ही. नाव नव्हतं, पण वंशावळीलाही तोंड असतं. तिसऱ्या जागेवर एका टोकातून निघालेल्या माझ्या जुळ्या बहिणी, शेवटी लहानपणी गेलेलं काट मारलेलं लेकरू. आमच्या गावचा कोणीही ओळखेल. पहिला चौकोन पूर्ण काळा, त्यावर काट. तो थोरला. त्याच्या शेजारचा दुसरा चौकोन उभा निम्मा काळा, निम्मा पांढरा.

‘हा दुसरा कोण?’

‘तुम्ही.’

‘अर्धा काहून काळा?’

सर म्हणाले, ‘सौम्य लक्षणं. खात्रीनं सांगता येत नाही तिथे अर्धा भरतात.’

काउंटरवरचा हवा मोजायचा काटा मी कधी भिरकावला ते मला कळलं नाही. तो समोरच्या टायरच्या थप्पीत जाऊन पडला. रशीदभाई हातातली किटली घेऊन धावत आला. मी ओरडत होतो, माझी घासाघीस सुरू झाली होती: ‘पांढरा करा. न्हाई व्हत? मंग पाव करा. पावावर मी गप बसतो.’

‘चौकोन पाव होत नाही, शेठ.’

‘मी टायर सुदा निम्मा घेत न्हाई! एक तर चालतो, न्हाई तर भंगारात! निम्मा येडा म्हंजे काय?’

‘हा शब्द नको,’ सर म्हणाले. मग त्यांनी पानं मागे उलटली. ‘कुटुंब एक बघा. खालच्या ओळीत डावीकडून दुसरा चौकोन.’

तो अर्धा काळा होता.

‘तो मी,’ सर म्हणाले. ‘आई आणि मामा पूर्ण. माझी तपासणी सहकाऱ्यानं केली. त्यानं अर्धा भरला, मी तसाच छापला.’

रशीदभाईनं किटली खाली ठेवली. राग चढलेला असताना समोरच्यानं असं काही काढलं की कोणालाही ओशाळल्यासारखं होतं. मलाही झालं, आणि त्याचाही मला राग आला. ‘तुमी विचारून भरला. मला कोनी विचारलं?’

हे बरोबर होतं. थोरल्याचं नाव सांगून मी उठून दुकानावर गेलो होतो. माझी माहिती मायनं दिली होती. सरांनी वही काढून वाचून दाखवलं. मायचे शब्द जसेच्या तसे: ‘ह्या दुसऱ्याला बी सणक येती. थोरल्यावानीच.’

घरी गेलो. माय ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

‘मला सणक येती म्हणलीस?’

‘मंग येत न्हाई का? मागल्या दिवाळीला कपबशी भिताडावर कोन हानली?’

‘तो राग व्हता. थोरल्यावानी काहून म्हणलीस?’

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. मग म्हणाली, ‘त्या मास्तरानं एकल्या थोरल्याचा चौकोन काळा केला. म्या बघितलं ना. मेलेलं लेकरू, त्यावर काट, वरून काळा. अन्‌ त्याच्या बाजूला तू कोराच्या कोरा. मायला असं करता येतं का, एकाला सगळं अन्‌ एकाला काहीच न्हाई? भाकर बी म्या तुमाला कधी अशी वाटली न्हाई.’

‘म्हंजे खोटं सांगितलंस.’

‘खोटं काहून व्हईन? त्याचं लई व्हतं, तुजं थोडं व्हतं. म्या जरा बराबर करून सांगितलं.’

धंद्यात मला एक सवय आहे. समोरचा चार गोष्टी बोलतो, त्यातल्या माझ्या कामाच्या तेवढ्या मी उचलतो. दुसऱ्या दिवशी मी सरांना वाटणीची गोष्ट सांगितली. ‘तुजं थोडं व्हतं’ हे सांगितलं नाही.

सर जिन्यावर बसले होते; त्यांनी वही उघडून कुटुंब सातचं पान काढलं. इतके हादरलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. म्हणाले, ‘मी इतकी वर्षं धरून चाललो की घरचे लोक आजार लपवतात. म्हणून कोणी स्वतःहून सांगितलं की मी ते खरं मानायचो. वाटून देतात, हे मला सुचलंच नाही. मी कुरुंद्याचा असून सुचलं नाही.’

त्या पेपरचा सगळा डोलारा अर्ध्या चौकोनांवर उभा होता. पूर्ण काळ्यांमध्ये आणि अर्ध्यांमध्ये रक्तातली एकच गोष्ट सापडली, असं त्यात म्हटलं होतं. आणि अर्धे बहुतेक आया-आज्यांच्या सांगण्यावरून भरलेले. आता पडताळा घ्यायचा तर त्या माणसांना समोर बसवायला हवं. कोणी पुण्याला कामाला, कोणी ऊसतोडीवर, कोणी वारलेलं. हाताशी होतो तो मी.

‘बसाल का समोर?’ त्यांनी विचारलं. ‘दोन तास लागतील. जे निघेल ते छापेन.’

मी दोन दिवस टाळलं. गिऱ्हाईक आहे, लग्न आहे, जीप गॅरेजला आहे. खरं कारण असं की चौकोन बघितल्यापासून मी स्वतःवर पाळत ठेवून होतो. कोणावर ओरडलो की मनात यायचं, हा राग की ती सणक? पहाटे लवकर जाग आली की घड्याळ बघून किती तास झोपलो ते मोजायचो. धंद्यात नवी कल्पना सुचली की आधी आनंद व्हायचा तो होईना; भीती वाटू लागली. थोरल्यालाही कल्पना सुचायच्या.

तिसऱ्या दिवशी बसलो. वरच्या खोलीत, दार लावून. सरांनी छापील प्रश्न वाचायला सुरुवात केली. कधी ऐकू येतं का, जे दुसऱ्याला येत नाही? नाही. कधी वाटलं का की लोक तुमच्यावर टपून आहेत? मी म्हणालो, ‘धंद्यात असतातच.’ सर हसले आणि ‘नाही’ लिहिलं. असं पुष्कळ चाललं. मी मोकळा होत होतो.

मग त्यांनी विचारलं: ‘सलग चार दिवस किंवा जास्त, जवळजवळ झोप न घेताही थकवा आला नाही, डोकं वेगानं चाललं, मोठमोठे व्यवहार केले, असं कधी झालं?’

थोरल्याचा दहावा झाल्यावर मी नांदेडला गेलो होतो. का गेलो आठवत नाही. तिथे एका बंद पडलेल्या कंपनीच्या जुन्या टायरांचा ट्रक उभा होता. माझ्याकडे एक पंप होता. मी तो अख्खा ट्रक ठरवला. कोणाला काय बोललो, कशाच्या भरवशावर बोललो, देव जाणे, पण समोरच्यानं ऐकलं. मग पाच दिवस मी झोपलो नाही. टायर निवडले, घासले, गावोगाव जीपवाल्यांना गाठलं, बोलत राहिलो, बोलत राहिलो. माय ताट घेऊन मागे फिरायची. मला भूक नव्हती. अंगात विजेसारखं काही खेळत होतं आणि जगात मला नाही म्हणणारा माणूस जन्मलेला नाही असं वाटत होतं. पाचव्या दिवशी ट्रक संपला. त्या ट्रकवर हे दुकान उभं आहे. इतकी वर्षं मी लोकांना ही गोष्ट मेहनतीची गोष्ट म्हणून सांगत आलो. सरांनाही सांगितली असती. जीपमध्ये त्यांचंच ऐकण्यात ती सांगायची राहून गेली होती.

सरांनी पेन उचलून धरला होता.

मी व्हय म्हणालो असतो तर ते पाच दिवस माझे राहिले नसते. ते आजाराचे झाले असते. मग मी काय केलं आयुष्यात?

‘न्हाई,’ मी म्हणालो.

‘कधीच नाही?’

‘कधीच न्हाई.’

सरांनी ‘नाही’ लिहिलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून मी आयुष्यभर माल विकला आहे. समोरच्याला पटलं की नाही हे मला लगेच कळतं. त्यांना पटलं होतं.

चौकोन पांढरा झाला. आणि त्याबरोबर हे सिद्ध झालं की आईनं सांगितलं एक आणि तपासणीत निघालं दुसरं. एकाच घरी पडताळा घेता आला आणि तिथेच आईचा शब्द फसला. सरांनी महिनाभर विचार केला. मग अर्धे चौकोन असलेला तो अख्खा पेपर त्यांनी मागे घेतला. तसं छापून दिलं. सहकाऱ्यांनी समजावलं, की एवढं करायची गरज नाही, एक तळटीप पुरे. विद्यापीठात निवृत्तीआधी त्यांचा सत्कार ठरला होता, तो बारगळला. पुढच्या कामाला मिळणारी मदत दुसऱ्याला गेली. खोलीतली यादी ते सोडवून घेऊन गेले, तेव्हा मी विचारलं, ‘हा मागे घेतलेला कुठं लावणार?’

‘सगळ्यात वर.’

ते खुशीत होते. हे मला सहन झालं नाही.

मला एक चौकोन पांढरा हवा होता. त्यांनी कागदच उलटा केला. त्या कागदावर थोरला होता. त्याचा ना फोटो आहे, ना सातबारावर नाव; रेशनकार्डावरून आम्हीच कमी केलं. दुनियेत तो कुठे छापलेला असेल तर त्या एका पानावर होता, काळा का होईना. तो पेपर आता धरायचा नाही, असं छापून आलं. मायला मी हे सांगितलेलं नाही.

गेली दोन वर्षं खोली रिकामी आहे. कोणाला देत नाही. रशीदभाई म्हणतो, ‘किराया क्यों छोड रा?’ मी त्याच्यावर डाफरतो.

मागच्या आठवड्यात मी सरांना फोन केला. खूप दिवसांनी. त्यांनी माझी, मायची चौकशी केली. ते पुन्हा नव्यानं घरं गोळा करत होते, या वेळी स्वतःच्या पैशानं, प्रत्येक माणसाला समोर बसवून. मी म्हणालो, ‘सर, त्या दिवशीचा एक सवाल चुकला माझा.’ आणि नांदेडचे पाच दिवस सांगितले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हातानं बाहेर काढलं.

मला वाटलं, ते म्हणतील बरं झालं सांगितलंत. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, ‘तेव्हा नाही म्हणालात, आज हो म्हणताय. यातलं खरं कोणतं, हे मी कशावरून धरू?’

आयुष्यात मी भंगारातला टायर नवा म्हणून गळ्यात मारला आहे. आणि खरी गोष्ट पटवायला माझ्याजवळ शब्द नव्हता.

‘माय हाय ना,’ मी म्हणालो. ‘ती ताट घेऊन मागं फिरत होती. तिला विचारा.’

‘त्यांचा शब्द धरायचा नाही असं मी छापून बसलोय,’ सर म्हणाले. ‘तुमच्या एका शब्दावर.’ आवाजात राग होता की काय, मला कळलं नाही. असेल तर मी पहिल्यांदाच ऐकला. मग म्हणाले, ‘गुरुवारी येतो. दोघांना वेगवेगळं बसवीन. तोवर त्यांच्याशी यावर बोलू नका. एक अक्षर बोलू नका.’

मी बोललो नाही. पण फोनवर मोठ्यानं बोलतो मी, आणि मायचे कान अजून शाबूत आहेत. काल ती दुकानात आली, टायरच्या थप्पीवर बसली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली.

‘मास्तर येऊन राह्यला म्हनं.’

‘व्हय.’

‘मागल्या खेपेला म्या बोलले तर तू लई चिडला व्हता.’ तिनं माझा हात धरला. ‘या खेपेला तूच सांग, लेकरा. तू म्हनशील तेच सांगते. काय सांगू?’

मी अजून तिला काही सांगितलेलं नाही. ती प्रत्येक जेवणाला विचारते. आज मंगळवार आहे.